तोंडाभोवतीचं पुरळ: जळगावच्या उन्हात मॉइश्चरायझर कोणतं?

बहिणीच्या ओठांभोवती बारीक लाल पुळ्या आहेत. ओठांना लागून मात्र कोरी पट्टी सुटलेली. कोपरे चिरलेले नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांनी पेरिओरल डर्माटायटिस सांगितलं. कारण बहुधा बीटामेथासोनचं (स्टिरॉइड) मलम, मेडिकलवरून आणून दीड महिना लावलेलं. ते बंद करून १२ दिवस झाले. पहिल्या आठवड्यात पुरळ भडकलं (स्टिरॉइड सुटलं की बरेचदा भडकतं), म्हणून परत लावा, असं कृपया सुचवू नका.

मेट्रोनिडाझोल (अँटिबायोटिक) जेल दिवसातून दोनदा चालू आहे. फेसवॉश बंद, नुसतं कोमट पाणी. फ्लोराइड नसलेली पेस्ट. व्हॅसलीन फक्त ओठांवर, पुरळावर नाही. बाळ अंगावर पितं, त्यामुळे डॉक्सिसायक्लिन (अँटिबायोटिक गोळी) टाळलंय. शेवभाजी, ठेचाही सध्या बंद. तिखट पुरळाचं कारण नसलं तरी रस्सा लागला की चुरचुरतं.

अडचण अशी, की या कोरड्या उन्हात जेलनंतर त्वचा ओढली जाते, पापुद्रे निघतात. स्कूटीवर स्कार्फ बांधावाच लागतो. घाम आणि घासणं तिथेच.

सुगंधविरहित, हलकं, इथल्या मेडिकलवर मिळणारं मॉइश्चरायझर कोणी अशा पुरळावर वापरलंय का? जेलआधी लावलं की नंतर, आणि मध्ये किती मिनिटं सोडली?