घेऊन ठेवलेल्या, न वाचलेल्या पुस्तकांना काय म्हणावं?

अर्धविराम
विकत घेतली, कपाटात लावली, पण अजून उघडलीच नाहीत अशा पुस्तकांना मराठीत नेमका शब्द आहे का? ‘अपठित’ म्हटलं की प्रश्नपत्रिकेतला उतारा आठवतो. ‘वाचनाचा अनुशेष’ अधूनमधून दिसतो, पण तो सरकारी वाटतो. जपानीत म्हणे ‘त्सुन्दोकु’ असा एकच शब्द आहे. ही पुस्तकं वर्षभरात मार्गी लावायची तर त्या कामाला काय म्हणायचं, तेही सांगा.

रुमालवाले
अनुशेष नको. तो हिशेबाचा शब्द आहे. आधी प्रमाण ठरतं, मग त्यात जे कमी पडतं तो अनुशेष. १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीने राज्याची सरासरी समोर ठेवून जिल्ह्यांच्या विकासाचा अनुशेष काढला. घरातल्या कपाटाला कसली आलीय सरासरी? ‘थकबाकी’ही नको. पुस्तकाचं देणं दुकानातच चुकतं झालेलं असतं.

‘ढीग’ चालेल, पण ढिगाला आकार नसतो. एकावर एक नीट रचलेली ती चळत: भाकऱ्यांची, नाण्यांची, पुस्तकांचीही. पोत्यांची थप्पी. दोरीने बांधला की गठ्ठा. चौकोनी फडक्यात बांधलेल्या कागदांचा रुमाल, पेशवे दफ्तरात असतो तसा. आणि मोठं खाली, लहान वर अशी मडक्यांची उतरंड.

फर्मा सोळा
पुस्तकं आडवी ठेवायचीच असतील तर उतरंडीसारखीच ठेवावीत, आणि वीतभरापेक्षा उंच नकोत. खालचं काढायला वरची सगळी उचलावी लागतात, म्हणून चळतीतलं तळाचं पुस्तक कधीच हाताला लागत नाही. वाचायची आहेत ती उभी लावा. काढताना कण्याच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढू नका, तिथेच कापड फाटतं. शेजारची दोन जरा आत ढकला आणि मधलं पुस्तक पोटाशी धरून काढा. भिंतीला टेकलेल्या ओळीत पावसाळ्यात ओल धरते आणि कसर लागते, तेव्हा मागे दोन बोटं जागा सोडा.

कोशकिडा
त्सुन्दोकुबद्दल. ‘त्सुन्दे ओकु’ म्हणजे रचून ठेवणे. शेवटच्या ‘ओकु’त ‘दोकु’, म्हणजे वाचन, मिसळून जपानच्या मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या सुमारास, ही कोटी झाली. गंमत अशी की ‘ओकु’ हे आपल्या ‘ठेवणे’सारखंच सहायक क्रियापद आहे. करून ठेवणे, सांगून ठेवणे, घेऊन ठेवणे: पुढे लागेल म्हणून आत्ताच उरकणे. ‘पुस्तकं घेऊन ठेवलीत’ एवढं म्हटलं की मराठी माणसाला सगळं कळतं. नाम हवंच कशाला?

पानकापी
ठेवा अधिक वाचन, ‘ठेवाचन’. घ्या, पाडला शब्द.

रुमालवाले
पाडलात तसा उचलून परत ठेवा. लोक तो ‘ठेवा, चन’ असा तोडून वाचतील.

कोशकिडा
नामापेक्षा मराठीची ताकद क्रियापदांत आहे. हे पाहा. ‘वाचायला आणलंय’ म्हणजे घरात आलं. ‘वाचायला काढलंय’ म्हणजे कपाटातून टेबलावर आलं, अजून उघडलेलं नाही. ‘वाचायला घेतलंय’ म्हणजे सुरुवात झाली. पुढे ‘वाचून टाकलं’ यात घाई आहे, ‘वाचून काढलं’ यात चिकाटी, ‘वाचून ठेवलं’ यात पुढच्या कामाची तयारी. ‘वाचून झालं’ यात कर्ता बाजूलाच राहतो. ‘चाळलं’ म्हणजे पानं उलटली, ‘डोळ्याखालून घातलं’ म्हणजे निदान सगळ्या पानांवरून नजर गेली. ‘फडशा पाडला’ हे लाडवांचं क्रियापद, तेव्हा जाड वैचारिक ग्रंथाचा फडशा कुणी पाडत नाही.

योजनाही यातूनच निघते. सगळी पुस्तकं खाली उतरवून कोरड्या फडक्याने पुसा आणि परत लावताना चार ओळी करा: ठेवलेली, काढलेली, घेतलेली, राहिलेली. ‘काढलेली’त पाचाच्या वर नकोत, ‘घेतलेली’त दोन, एक जाड आणि एक बारीक. तिथलं एक संपल्याशिवाय मागच्या ओळीतून नवं पुढे आणायचं नाही. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं, ‘घेतलेली’ सात-आठ होतात आणि सगळ्यांत खुणा पन्नासाव्या पृष्ठाच्या आसपास अडकतात. शब्दकोश, संदर्भग्रंथ या हिशेबात धरू नका, ती ‘पाहायची’ पुस्तकं, वाचायची नव्हेत.

अर्धविराम
आणि कामाला शब्द? ‘पारायण’ म्हणता येईल?

सप्ताहवाले
एका पुस्तकासाठी जरूर. पार आणि अयन, म्हणजे पलीकडच्या टोकापर्यंत जाणं. अख्ख्या कपाटाचं पारायण मात्र होत नाही. पारायणात नेमलेला ग्रंथ, नेमलेले दिवस आणि रोजचा ठरलेला टप्पा लागतो.

टप्पे कसे पाडतात ते बघण्यासारखं आहे. गुरुचरित्राच्या सप्ताहात रोजचा मुक्काम ९, २१, २९, ३५, ३८, ४३ आणि ५३ या अध्यायांवर. म्हणजे दुसऱ्या दिवशी १२ अध्याय आणि पाचव्या दिवशी फक्त ३, कारण छत्तिसावा लांबलचक आहे. ज्ञानेश्वरीचंही तसंच, बाराव्या अध्यायात अडीचशेच्या आत ओव्या, अठराव्यात अठराशेच्या वर. ‘रोज एक प्रकरण’ ही योजना तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोलमडते ती यामुळेच. प्रकरणं मोजू नका, लांबी मोजा. अनुक्रमणिकेतल्या पृष्ठांकांची वजाबाकी करून प्रत्येक प्रकरणासमोर पेन्सिलीने आकडा लिहा आणि मग दिवस पाडा.

फर्मा सोळा
लांबी मोजायला छापखान्याचं माप उत्तम. आपल्याकडे पुष्कळ पुस्तकं १६ पृष्ठांच्या फर्म्यांत, म्हणजे एका मोठ्या कागदाच्या घड्या घालून केलेल्या जुड्यांत, छापतात. २४० पृष्ठं म्हणजे १५ फर्मे, रोज एक धरला तर पंधरवडा. दोऱ्याची शिलाई असेल तर प्रत्येक फर्म्याच्या मधोमध, आठव्या-नवव्या पृष्ठांमध्ये, दोरा दिसतो. दोरा दिसला की अर्धा टप्पा झाला, वेगळी मोजणी नको. दोन अडचणी आहेत. प्रस्तावनेला वेगळे पृष्ठांक दिले असतील तर फर्मा पृष्ठ १ ला सुरू होत नाही. आणि कणा नुसता गोंदाने चिकटवलेला असेल तर दोरा नसतोच, तिथे सोळा-सोळावर कागदाच्या पट्ट्या घाला.

पानकापी
सोळा पृष्ठं म्हणजे आठ पानं बरं का. पान म्हणजे दोन्ही बाजू. रोज सोळा ‘पानं’ ठरवलीत तर दुप्पट वाचन अंगावर पडेल.

रुमालवाले
नियमाने बरोबर, पण बोलताना आज सगळेच पृष्ठाला पान म्हणतात. ‘पान नंबर’ असतो तो पृष्ठाचाच.

अर्धविराम
‘राहिलेली’ या ओळीचं काय करायचं? त्यात निम्मी अर्धवट आहेत.

कोशकिडा
‘सोडून दिलेलं’ आणि ‘राहून गेलेलं’ वेगळं काढा. सोडून दिलेलं तुम्ही ठरवून सोडलंत, ते कपाटाबाहेर काढून वाचनालयाला विचारा. राहून गेलेलं मध्येच लग्न, परीक्षा, बदली आली म्हणून राहिलं, त्याला पुन्हा संधी. कादंबरी महिन्याच्या वर पडून असेल तर पहिल्यापासून घ्या, पात्रांची नावं विसरलेली असतात. लेखसंग्रह किंवा कथासंग्रह खुणेपासून पुढे चालेल. आणि त्या ओळीला ‘अर्धवट’ अशी चिठ्ठी लावू नका. घरी आलेला पाहुणा ती पुस्तकांना नव्हे, मालकाला लागू करेल.

पानकापी
खुणेपाशी कोपरा दुमडलेला असेल तर आधी नीट बघा, वरचा आहे की खालचा. खालचा कोपरा बरेचदा आवडलेल्या मजकुरासाठी दुमडलेला असतो, थांबल्याची जागा तिथे नसते.