भावाच्या दिव्यांग प्रमाणपत्राची फेरतपासणी आहे. बोर्डापुढे काय आणि कसं सांगायचं? मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाचं दिव्यांग प्रमाणपत्र दोन महिन्यांनी संपतंय. त्याला स्किझोफ्रेनिया आहे, बारा वर्षं झाली. पाच वर्षांपूर्वी सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय बोर्डाने ५० टक्के दिव्यांगत्व दिलं, पण मुदतीचं. आता स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) नूतनीकरणाचा अर्ज भरलाय, तारखेची वाट बघतेय. कुठला कागद कुठे लावायचा ते एव्हाना पाठ झालंय. अडचण वेगळीच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गेल्या वेळी मी त्याला छान तयार करून नेलं होतं. शर्टाला इस्त्री, केसांना तेल, नखं कापलेली. आत डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभर काय करतोस?" तो म्हणाला, "दुकानाचा हिशेब बघतो." आमचं दुकान बाबांच्या मागे बंदच झालं. पण त्याने इतकं सरळ सांगितलं की डॉक्टरांनी ते लिहूनही घेतलं. मी मागे उभी होते. बोलायला तोंड उघडलं आणि त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसले. तेव्हा तो नुकताच ॲडमिट होऊन आला होता, कागद बोलके होते, म्हणून निभावलं. आता गोळ्यांनी त्याला ऐकू येणारे भासाचे आवाज पुष्कळ कमी झालेत. पाच मिनिटं भेटणाऱ्याला तो बराच वाटेल.

घरी काय चालतं ते सांगते. सकाळी मी बादली भरून देते. तो बाथरूममध्ये जातो आणि उभा राहतो. मी दाराबाहेरून "तांब्या घे" म्हटलं की घेतो, "अंगावर ओत" म्हटलं की ओततो. साबणाचं वेगळं सांगावं लागतं. मध्येच फोन आला आणि मी गेले, तर परत येईपर्यंत पाणी गार झालेलं असतं आणि तो तसाच, तांब्या हातात धरून. हे इतकं अंगवळणी पडलंय की परवा मावशीने विचारलं, "अंघोळ स्वतःची स्वतः करतो ना?" आणि मी चक्क "हो" म्हणाले. तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. बोर्डापुढेही मी असंच "हो" म्हणून येणार का?

संजय गांधी निराधार योजनेचे महिना २५०० रुपये त्याच्या खात्यात येतात (आधी १५०० होते, दिव्यांगांसाठी ते ऑक्टोबर २०२५ पासून वाढले). त्यातून तो एक वही आणि दोन पेनं घेतो, आणि शंभराची नोट आईच्या हातात ठेवतो. तेवढी एक गोष्ट तो कुणी न सांगता करतो. टक्केवारी ४० च्या खाली गेली तर दिव्यांग म्हणून मिळणारं हे अनुदान जाईल, एसटीची सवलतही जाईल.

तर प्रश्न असा: त्याच्यासमोर, त्याला अंघोळही जमत नाही हे परक्या माणसांना कसं सांगू? आणि नाही सांगितलं तर त्यांना कळणार कसं? लिहून द्यायचं तर काय लिहायचं? प्रमाणपत्र संपून नवं हातात येईपर्यंत मध्ये खंड पडला तर तहसीलला काय सांगायचं, हेही कुणाला माहीत असेल तर सांगा.

---

ओलीमाती:

ताई, माझ्या मुलाचं दोनदा झालंय हे. पहिल्या वेळी मीही "सगळं करतो हो" म्हणून आले होते. आईच्या तोंडून दुसरं येत नाही.

एक करा. उद्यापासून पंधरा दिवस वहीत फक्त एवढंच टिपा: आज कोणती गोष्ट किती वेळा सांगावी लागली, आणि नाही सांगितली तेव्हा काय झालं. "अंघोळ जमत नाही" असं लिहू नका, ते खरंही नाही. तुम्ही वर जे लिहिलंत, तांब्या हातात धरून उभा, ते तसंच्या तसं लिहा. गोळ्यांचंही लिहा. पाकीट कोण फोडतं? तुम्ही दोन दिवस गावाला गेलात तर गोळ्या घेतल्या जातात का? चांगले दिवसही लिहा, लपवू नका. पंधरा दिवसांचं एका पानात आणा आणि आधी नेहमीच्या ओपीडीच्या डॉक्टरांना दाखवून केसपेपरला लावून घ्या.

आणि मळके कपडे घालून न्या असं कुणी सांगेल. ऐकू नका. इस्त्री करूनच न्या. फक्त इस्त्री कोणी केली ते कागदावर लिहा.

---

दूरदिवा:

मनोविकार विभागात समाजसेविका म्हणून बरीच वर्षं काम केलंय, त्यावरून लिहिते.

मानसिक आजाराची टक्केवारी 'आयडियाज' नावाच्या मोजपट्टीवर ठरते. त्यात चार गोष्टी बघतात: स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं आणि समजणं, आणि काम. प्रत्येकाला ० ते ४ गुण. शिवाय आजार किती जुना त्याचे १ ते ४. एकूण २०. बेरीज ७ किंवा जास्त झाली की ४० टक्के किंवा त्याहून वर. दहा वर्षांहून जुन्या आजाराला ४ मिळतात, म्हणजे तुमच्या भावाचे चार गुण नुसत्या तारखेवर ठरतात. म्हणून सगळ्यात जुना केसपेपर शोधा, अगदी पहिल्या डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी चालेल. सापडत नसेल तर रुग्णालयाकडे लेखी अर्ज करा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २५ ने रुग्णाला स्वतःचे वैद्यकीय कागद मिळण्याचा हक्क आहे. अर्जावर भावाची सही घ्या.

दुकानाच्या हिशेबाचं उत्तर मला फार लागलं. 'काम' या रकान्यात ते थेट त्याच्या विरुद्ध जातं. दुकान कधी बंद झालं ते तुमच्या पानावर पहिल्याच ओळीत येऊ दे.

या मोजणीत घरच्या माणसाचं म्हणणं ऐकणं धरलेलंच आहे, तुम्ही मध्ये तोंड घालताय असं समजू नका. गेल्या गेल्या समाजसेवकाला किंवा सिस्टरना सांगा की मला पाच मिनिटं वेगळं बोलायचं आहे. गर्दी असते, कधी जमत नाही. म्हणून ते पान.

निर्णय पटला नाही तर दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ५९ खाली अपील करता येतं, मुदत ९० दिवस. निर्णयाची तारीख लगेच लिहून ठेवा. आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून दिव्यांग व्यक्तीला वकील मोफत मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. हे फार थोड्यांना माहीत असतं.

---

पाऊलवाट:

मी स्वतः पेशंट आहे. बायपोलर. माझीही तपासणी झालीय, म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नावर लिहितोय.

वेगळं बोला, पण चोरून बोलू नका. माझ्या बहिणीने आत जाऊन माझ्याबद्दल काय सांगितलं ते मला नंतर कागदावर वाचून कळलं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तरी मी तिच्याशी कितीतरी दिवस बोललो नाही. वाईट याचं वाटलं की सगळ्यांना माहीत होतं आणि मला कुणी विचारलं नव्हतं.

तुमचं पान झालं की भावाला वाचून दाखवा. तो शांत असेल ती वेळ बघा, घाई करू नका. "हे बरोबर आहे का, तुला काही बदलायचंय का" असं विचारा. आणि त्या हिशेबावरून त्याला खोडू नका. दिवसभर काय करतोस, याला "काही नाही" हे उत्तर देणं किती जड जातं ते मला विचारा. तो खोटं बोलला असं मला वाटत नाही. शेवटचं जे काम त्याला जमत होतं ते त्याने सांगितलं.

---

चिंचबन:

तहसीलचं सांगतो. प्रमाणपत्र संपायची वाट बघू नका. नूतनीकरणाच्या अर्जाची पावती, जुन्या प्रमाणपत्राची झेरॉक्स आणि साधा अर्ज, असं आत्ताच तहसीलच्या संगायो (संजय गांधी योजना) शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. शिक्का आणि तारीख दोन्ही. तोंडी "ठीक आहे" म्हणाले तर तेवढ्यावर परत येऊ नका. हयातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला त्याच फेरीत बघून घ्या. दिव्यांगांना उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० आहे, २१,००० नाही. काउंटरवर कधीकधी जुनाच आकडा सांगतात. खातं आधारला जोडलेलं आहे ना तेही तपासा.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. वीस दिवसांनी लिहितेय.

पंधरा दिवस टिपण केलं. अंघोळीसाठी एका सकाळी अकरा वेळा सांगावं लागलं. मोजेपर्यंत मला स्वतःलाच माहीत नव्हतं. पहिली चिठ्ठी आईच्या ट्रंकेत साडीच्या घडीत सापडली, बारा वर्षांपूर्वीची, शाई फिकटलेली पण तारीख वाचता येते. तहसीलची पोच घेतली.

पाऊलवाट, तुमचा प्रतिसाद मी किती वेळा वाचला सांगता येत नाही. काल संध्याकाळी भावाला पान वाचून दाखवलं. हात कापत होते माझे. दुकान बंद झाल्याच्या ओळीला तो काही बोलला नाही, नुसता ऐकत राहिला. अंघोळीच्या ओळीपाशी थांबवलं त्याने. म्हणाला, "पाणी पडताना आवाज येतात, ते ऐकत असतो. ते लिही." बारा वर्षांत हे मला माहीत नव्हतं. आम्हाला वाटायचं, नुसता उभा राहतो.

मग त्याने पेन मागितलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली: "गोळ्या ताई देते. मला वेळ समजत नाही." आणि सही केली.

दूरदिवा ताई, त्याने लिहिलेली ओळ त्याच पानावर राहू द्यावी की वेगळ्या कागदावर घ्यावी? बोर्डाची तारीख आली आहे, पुढच्या मंगळवारची. त्याआधी ओपीडीत जाऊन हे केसपेपरला लावून घ्यायचंय.

---

दूरदिवा:

त्याच पानावर राहू द्या. त्याच्या सहीसकट. एक झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा आणि मंगळवारी पान त्याच्याच हातात द्या, त्यालाच देऊ दे.