हरणांसाठी लावलेलं क्लोव्हर पिवळं पडतंय, मोडू की राखू?

ओकखालचा_नगरकर:
नमस्कार मंडळी. मध्य विस्कॉन्सिनमध्ये ओकच्या रानाला लागून आमची अर्धा एकर मोकळी जागा आहे. मे महिन्यात रोटर मारून ती भुसभुशीत केली आणि लॅडिनो जातीचं पांढरं क्लोव्हर (तीन पानांचं चारापीक) 4 पाउंड फेकून पेरलं. उगवण विरळ झाली. आता सप्टेंबरात पानं पिवळट दिसतात, उंची चार बोटंसुद्धा नाही आणि वर कोल्ह्याच्या शेपटीसारखी तुरे आलेली गवतं माजलीत. संध्याकाळी एक मादी दोन पाडसांना घेऊन येते, दोन-चार घास खाते आणि निघून जाते. त्यांना हिवाळ्याआधी पोटभर मिळावं एवढीच इच्छा आहे. युरिया टाकू का? की सगळं मोडून परत पेरू?

घासवाला_पेन्सिल्व्हेनिया:
दादा, युरिया अजिबात नको. नत्राने गवतच माजेल. क्लोव्हर आपल्या लसूणघासाच्या, बरसीमच्या जातकुळीतलं, स्वतःचं नत्र स्वतः करतं. ते होतंय का, हे आधी बघा. खुरप्याने दोन-तीन रोपं मातीसकट उचला, मुळं बादलीतल्या पाण्यात हलक्या हाताने धुवा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी असेल तर नत्र बनवणारे जिवाणू कामाला लागलेत. पांढरी, हिरवट असेल किंवा गाठीच नसतील, तर तुमच्या पिवळेपणाचं कारण सापडलं.

बियाण्याला क्लोव्हरचंच रायझोबियम, म्हणजे याच जिवाणूंचं संवर्धन, चोळलं होतं का? वडील नगरला गुळाच्या पाण्यात संवर्धन कालवून बी सावलीत वाळवायचे. मी इथे अजून तसंच करतो. आणि माती परीक्षण? सामू (pH) 6 ते 7 हवा, त्याखाली माती आंबट.

ओकखालचा_नगरकर:
आजच केलं. पाच रोपांत मिळून तीन गाठी, तिन्ही पांढऱ्या. संवर्धनाचं पाकीट उन्हाळाभर गाडीत पडलं होतं, मागच्या वर्षीचं. मातीचा अहवालही काढला, सामू 5.4.

घासवाला_पेन्सिल्व्हेनिया:
मग दोन्ही उलगडलं. गाडीतल्या उन्हात जिवाणू मेले, आणि आंबट मातीत उरलेसुरलेही तग धरत नाहीत. अहवालात लिहिलाय तेवढा चुना आत्ताच पसरा. त्याचा गुण यायला सहा महिने तरी लागतात, म्हणून ही घाई. बियाण्यावर पैसे घालण्याआधी चुन्यावर घाला, हे मी कळकळीने सांगतो. मी पहिली दोन वर्षं महागडं बी आणून वाया घालवलं.

त्या तुरेवाल्या गवतावर आता औषध मारू नका. ते वर्षायू आहे, थंडीने मरेलच. फक्त बी गळण्याआधी वरून छाटा. पुढच्या वर्षी ते कोवळं असताना क्लेथोडिम फवारा, लेबलवरच्या मात्रेने. ते गवत मारतं, क्लोव्हरला धक्का लावत नाही. गव्हात मारतात ते टू-फोर-डी तणनाशक मात्र नको, क्लोव्हर जळून जाईल.

मिशिगनची_ताई:
मोडू नका, आहे त्यावरच मार्चमध्ये पेरा. रात्री जमीन गोठते, दिवसा वितळते, तिला केसाएवढ्या भेगा पडतात आणि बी आपोआप त्यात बसतं. नांगर-रोटर काही नको. मे महिन्यात रोटरने माती एवढी मोकळी झाली, तिथेच निम्मं बी खोल गेलं असणार. पाव इंचाखालून हे बी वर येत नाही. पुढे कधी मशागत केलीत तर रूळ फिरवून माती दाबा, बूट रुतता कामा नये.

आणखी एक, जिवाला लागलेलं. मे अखेर ते जून पाडसं गवतात अंग चोरून बसतात, यंत्राचा आवाज आला तरी हलत नाहीत. तेव्हा जूनअखेरपर्यंत कापणी नको, आणि नंतरही आधी पायी फेरी मारा. कडक उन्हात, पाऊस नसताना कापलं तरी क्लोव्हर करपतं.

वावराच्या मध्यात तीन फूट तारेच्या जाळीचा गोल पिंजरा ठोका. आतलं आणि बाहेरचं क्लोव्हर शेजारी-शेजारी दिसलं की कळेल, पीक खुंटलंय की हरणांनीच चरून खाली ठेवलंय.

ओकखालचा_नगरकर:
ताई, दादा, आभार. शनिवारी चुन्याच्या गोण्या आणतोय. जाळी गोठ्यात पडलीच आहे, पिंजरा उद्याच लावतो. मार्चसाठी नवं संवर्धन फेब्रुवारीत आणेन आणि घरात फ्रिजमध्ये ठेवेन. ती मादी आजही आली होती, पाडसं ओकची फळं वेचत होती.