मदत हवी आहे : आईचे गुडघे, इंजेक्शन की ऑपरेशन?

आई ६७ वर्षांची, दोन्ही गुडघ्यांची झीज, एक्स-रेत ग्रेड ३ (म्हणजे मध्यम झीज). एका डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगितलं. दुसरीकडे म्हणे, स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) इंजेक्शनने कूर्चा (सांध्यातल्या हाडांवरचं गुळगुळीत आवरण) नव्याने तयार होईल! झिजलेली कूर्चा अशी परत येते याचा ठोस पुरावा मला तरी सापडला नाही. पीआरपीचं इंजेक्शन वेगळं, त्यात आपलंच रक्त मशीनमध्ये फिरवून त्यातल्या प्लेटलेट्स गुडघ्यात टोचतात, काहींचं दुखणं कमी होतं.

सध्या फिजिओचे व्यायाम चालू आहेत : पाय सरळ उचलणं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबणं. सहा आठवड्यांत जिना थोडा सोपा झालाय. (मांडी घालून बसायचा हट्ट मात्र सुटत नाही.)

व्यायाम आणि वजन उतरवून कुणी ऑपरेशन लांबवलंय का? किती वर्षं? पीआरपी घेतलेल्यांनी खर्चासकट खरं सांगा.