केमिकल प्लांटमधलं ‘थोडक्यात निभावलं’ : तुमचे अनुभव सांगा

अंबडवाला (धागाकर्ता)

१ जानेवारी २०२३ ला नाशिकजवळ मुंढेगावच्या कारखान्यात आग लागली तेव्हा नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीतल्या प्रत्येक टपरीवर तोच विषय होता, मग हळूहळू सगळे आपापल्या शिफ्टला लागले. मी इन्स्ट्रुमेंटवाला, फार्मा आणि केमिकल दोन्हीकडे काम केलंय. माझं मत असं की मोठं काही होतं त्याच्या आधी त्याच जागी बारीकसारीक बरंच झालेलं असतं, फक्त ते रजिस्टरला येत नाही कारण लिहिलं की पहिला प्रश्न येतो "ड्यूटीवर कोण होतं?" मग कोण लिहील?

तर ते इथे लिहा. जे पेपरात आलं नाही ते. कंपनीचं नाव, माणसाचं नाव नको. आणि प्लीज नुसतं "काळजी घ्या" नको, काय झालं, का झालं आणि नंतर काय बदललं ते सांगा.

माझ्यापासून सुरुवात. सॉल्व्हंटच्या स्टोरेज टाकीला हाय लेव्हल स्विच (टाकी भरत आली की भरणं थांबवणारा) होता, तो उगाच ट्रिप द्यायचा, टँकर अर्ध्यात थांबायचा, ड्रायव्हर बोंबलायचा. कुणीतरी पॅनलमध्ये जंपर मारला (वायर जोडून स्विच बायपास केला), "पार्ट आला की काढू". पार्ट येऊन स्टोअरमध्ये पडला आणि जंपर तसाच. मग एकदा टाकीत माल आधीच असताना टँकर लावला आणि सॉल्व्हंट वरून वाहून डाइकमध्ये (टाकीभोवतीच्या बांधात). पावसाळ्याचे दिवस, आणि पावसाळ्यात पाणी साचू नये म्हणून डाइकचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडा ठेवायची बऱ्याच ठिकाणी सवय असते, तो त्या दिवशी बंद होता म्हणून माल नाल्यात गेला नाही. इंग्लंडात बन्सफील्डला ११ डिसेंबर २००५ ला पेट्रोलची टाकी अशीच भरून वाहिली, गेज अडकलेलं आणि वरचा स्विच चाललाच नाही, पुढे स्फोट. आमच्याकडे नंतर जंपरची यादी कंट्रोल रूमच्या बोर्डावर लावली, प्रत्येकावर तारीख आणि सही. २४ तासांच्या पुढे ठेवायचा तर प्लांट हेडची सही. यादी पटापट लहान झाली, सही कुणालाच नको असते.

रात्रपाळी

मस्त धागा. माझा किस्सा लाईट जाण्याचा. रिॲक्टरमध्ये एक माल घेतलेला, दुसरा वरच्या टाकीतून हळूहळू सोडायचा, जॅकेटला (रिॲक्टरच्या बाहेरच्या कवचाला) ब्राईन, म्हणजे थंड मिठाचं पाणी, चालू. रात्री लाईट गेली, ॲजिटेटर (आतला माल ढवळणारा पंखा) थांबला, पण वरची टाकी ग्रॅव्हिटीवर, तिला लाईटशी काय देणंघेणं, माल पडतच राहिला. डीजी (जनरेटर) यायला थोडा वेळ लागला तेवढ्यात बरंच पडलं. डीजी आला तसा ऑपरेटर ॲजिटेटरचं बटण दाबायला निघाला, साहजिकच, लाईट आली की मशीन चालू करायचं हेच शिकवलेलं असतं. आमच्या शिफ्टच्या काकांनी हात धरला अक्षरशः. कारण आत दोन थर पडलेले असतात, न मिसळलेला माल साठलेला असतो, ॲजिटेटर फिरला की सगळा एकदम रिॲक्ट होणार आणि सगळी उष्णता एकदम बाहेर. साधारण दर १० डिग्रीला रिॲक्शनचा वेग दुप्पट होतो असं धरतात, जॅकेटची कूलिंग मात्र तशी वाढत नाही, म्हणजे एक हद्द ओलांडली की ब्राईन कितीही सोडा तापमान पळतच जातं. काकांनी आधी वरचा व्हॉल्व्ह बंद केला, ब्राईन फुल, प्रोसेसच्या साहेबांना झोपेतून उठवलं, मग त्यांच्या सांगण्यावरून ॲजिटेटर इंचिंग करत (थोडा थोडा फिरवत), तापमानावर नजर ठेवून. सकाळी उजाडेपर्यंत कुणी चहा घ्यायला हललं नाही.

नंतर बदल असा की ॲजिटेटर थांबला की चार्जिंगचा व्हॉल्व्ह आपोआप बंद, आणि हवा किंवा लाईट गेली तरी तो बंदच होणार असा स्प्रिंगवाला. शिवाय ॲजिटेटर परत कसा चालू करायचा ते त्या-त्या प्रॉडक्टच्या बॅच शीटवर लिहिलं, कारण प्रत्येक रिॲक्शनला उत्तर एकच नसतं. अमेरिकेत जॅक्सनविलला १९ डिसेंबर २००७ ला असाच रनअवे झाला (रिॲक्शन हाताबाहेर गेली), कूलिंगच्या पाण्याला दुसरी पर्यायी सोयच नव्हती, ४ माणसं गेली.

सिन्नर_फाटा

सगळं ठीक आहे हो, पण लेबर ऐकतं का? हेल्मेट डोक्यावर घाला सांगितलं तर हँडलला लावतात. गॉगल कपाळावर. निम्मे ॲक्सिडेंट माणसाच्या हलगर्जीपणाने होतात हे पण लिहा.

अंबडवाला

दादा, हेल्मेट घातलंच पाहिजे, वाद नाही. पण वरच्या किस्स्यात हेल्मेटने काय केलं असतं? टेक्सास सिटीच्या रिफायनरीत २३ मार्च २००५ ला १५ जण गेले, तिथे टॉवरमध्ये लेव्हल भरमसाट वाढत होती आणि दाखवणारं यंत्र उलट कमी होतेय असं दाखवत होतं, हाय लेव्हलचा दुसरा, वरचा अलार्म वाजलाच नाही. गेलेले सगळे कंत्राटदाराचे लोक, शेजारच्या ट्रेलर ऑफिसात किंवा त्याच्या आसपास असलेले. त्यांची चूक एवढीच की त्यांचं ऑफिस तिथे लावलं होतं. ऑपरेटरला शिव्या देणं सोपं आहे, बजेट मागणं अवघड.

लॅबवाली

+१. आणि आमच्याकडे अलार्म इतके वाजतात की पोरं न बघता ॲक्नॉलेज दाबतात, त्यातला खरा कुठला हे देवाला ठाऊक.

माझा अनुभव स्टॅटिकचा. थंडीत झालेलं, डिसेंबर-जानेवारीत नाशिकची हवा किती कोरडी असते माहितीये ना, स्वेटर काढताना तडतड होते तेच. टोल्युईनचा ड्रम रिॲक्टरमध्ये ओतत होते, प्लास्टिकचा होज मॅनहोलमधून वरच्यावर सोडलेला, माल उंचावरून खाली पडतोय. मॅनहोलवर भप्पकन ज्योत. ऑपरेटर मागे सरकला, भुवया जळाल्या, त्याच्या जोडीदाराने डीसीपीचा (आग विझवायच्या कोरड्या पावडरचा) सिलिंडर मारला आणि विझलं. सगळे म्हणाले "अर्थिंग तर लावलं होतं!" लावलं होतंच, पण क्लॅम्प ड्रमच्या रंगावर बसलेला, पत्र्याला टेकलाच नव्हता. मीटर लावून बघितल्यावर कळलं.

टोल्युईनचा फ्लॅश पॉइंट ४ डिग्री, म्हणजे आपल्या कडाक्याच्या थंडीतल्या पहाटेसुद्धा त्याची वाफ पेटू शकते, आणि हवेत साधारण १.१ ते ७.१ टक्के वाफ असली की झालं, ठिणगी फक्त निमित्त. शिवाय टोल्युईन वीज नीट वाहून नेत नाही त्यामुळे चार्ज त्यातच साठून राहतो. आता आमच्याकडे ड्रममधून ओतणं बंद, पंपाने घेतात, डिप पाइप तळापर्यंत, सुरुवातीला हळू, आधी नायट्रोजन देऊन ऑक्सिजन कमी करतात मगच माल. क्लॅम्प टोकदार दाताचे आणले जे रंग खरवडून आत जातात. आणि पावडर चार्ज करताना प्लास्टिकच्या बॅगचा लायनर झटकायचा नाही, त्यानेही चार्ज तयार होतो, हे मला स्वतःला आधी पटत नव्हतं.

द्राक्षबाग

हे केमिकल प्लांट नाही पण जवळचं आहे म्हणून लिहितो. दिंडोरीकडे वाइनरीत सीझनला होतो. फर्मेंटेशनमध्ये कार्बन डायऑक्साइड निघतो, हवेपेक्षा साधारण दीडपट जड, टाकी रिकामी केली तरी तळाशी बसून राहतो. सीझनचा एक पोरगा चोथा काढायला मॅनहोलमधून डोकं आत घालून वाकला आणि तसाच लोळला. त्याला ओढायला दुसरा आत उतरणारच होता, त्याला आमच्या सेलर इन्चार्ज ताईंनी कॉलर धरून मागे खेचलं आणि पहिल्याला पायाला धरून बाहेरून ओढलं, अंगाने अर्धा बाहेर होता म्हणून जमलं. पोरगा वाचला. अशा टाकीत बऱ्याचदा वाचवायला गेलेलेच मरतात. नायट्रोजनवाल्या रिॲक्टरचं तेच, वास नाही, रंग नाही, गुदमरल्यासारखंही वाटत नाही. मीटरवर ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर आत जायचं नाही, ब्लोअर लावायचा, बाहेर माणूस उभा, अंगाला हार्नेस आणि दोर. जुने लोक मेणबत्ती सोडून बघायचे, अल्कोहोलच्या जागी ते तर अजिबात नको.

वेल्डर_काका

मी ठेकेदारी करायचो, आता बंद. पोरांनो रिकामा ड्रम भरलेल्यापेक्षा वाईट. भरलेल्यात हवा नसते, रिकाम्यात थोडा माल आणि भरपूर हवा असते. भंगारवाल्याकडून ड्रम आणून पाण्यासाठी वरून कापायचा ही आपल्याकडची रीतच, आणि गॅस कटरने कापताना झाकण उडून माणूस गेलेला मी बघितला आहे. कंपनीत सुद्धा "टाकी धुतली आहे" असं तोंडी सांगतात, आम्ही विश्वास ठेवायचो, न ठेवून काम जायचं. लाइन नुसता व्हॉल्व्ह बंद करून तोडायची नाही, व्हॉल्व्ह पासिंग असतो (बंद करूनही गळतो), मध्ये ब्लाइंड (लाइन बंद करणारी लोखंडी चकती) टाकायचा. ठेकेदाराला कुणी सांगत नाही आत काय होतं, हेच मूळ दुखणं.

सातपूरकर_प्लेटिंग

प्लेटिंगवाल्यांसाठी (धातूवर मुलामा देणाऱ्यांसाठी) एकच. सायनाइड बाथ आणि ॲसिडचे कॅन एका डाइकमध्ये, एका ड्रेनवर ठेवू नका. दोन्ही गळून मिसळले तर हायड्रोजन सायनाइड, म्हणजे जीवघेणा वायू. आमच्या शेजारच्या शेडमध्ये लेबल नसलेला कॅन भलत्या टाकीत ओतणार तेवढ्यात सुपरवायझर आला. लेबल, बस.

कॉलनीतली

मी कंपनीत नाही, भिंतीपलीकडे राहते. संध्याकाळी सायरन वाजला की आम्हाला कळतच नाही हा ड्रिलचा आहे का खरा. मुलांना घेऊन पळायचं का खिडक्या बंद करायच्या?

लॅबवाली

ताई, प्रश्न एकदम बरोबर आहे. भोपाळला २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री हेच झालं, लोक वाट फुटेल तिकडे, बरेच वाऱ्याच्या दिशेनेच धावले. त्यानंतर धोकादायक रसायनांचे १९८९ चे नियम आले, मोठ्या धोक्याच्या कारखान्याने आतला आपत्ती आराखडा करायचा, बाहेरचा जिल्हा प्रशासनाने, आणि आसपासच्या लोकांना आधी माहिती द्यायची. सोसायटीच्या लेटरहेडवर कंपनीला आणि कलेक्टर ऑफिसला अर्ज द्या की आम्हाला सायरनचा अर्थ आणि माहिती द्या, मॉक ड्रिलला बोलवा. तोवर ढोबळ असं : विषारी वायू असेल तर आत, दारंखिडक्या बंद, एसी-एक्झॉस्ट बंद, फटींना ओले कपडे. बाहेरच असाल तर कंपनीवरचा विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी) किंवा धूर बघून वाऱ्याला आडवं चाला. आणि जवळ जाऊन व्हिडिओ काढू नका, यावर वेगळा धागा निघेल.

नवीन_हेल्पर

मी नवीन लागलोय. काही चुकीचं दिसलं तर सांगायचं कुणाला? सुपरवायझर म्हणतो तू काम बघ.

रात्रपाळी

भाऊ, भोपाळनंतर १९८७ ला फॅक्टरी ॲक्टमध्ये दुरुस्ती झाली, त्यात कलम ४१-एच आलं होतं (२०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवीन कामगार संहिता आहे), धोकादायक प्रोसेसच्या कारखान्यात जिवाला लगेच धोका दिसला तर कामगाराने मालक, मॅनेजर किंवा सुपरवायझरला सांगायचं आणि त्यांनी ताबडतोब दखल घ्यायची. कागदावर छान. प्रत्यक्षात एकटा जाऊ नको, सेफ्टी कमिटीतला कामगार प्रतिनिधी कोण ते शोध, त्याच्यामार्फत लेखी दे, फोटोची परवानगी असेल तर फोटो लाव. कंत्राटी असशील तर जास्तच जपून, हे कटू आहे पण खरं आहे.

नवीन_हेल्पर

धन्यवाद दादा. अजून एक, उद्या आमच्याकडे वेल्डिंग आहे, मला फायर वॉच (आग लागते का यावर नजर ठेवायला) उभं केलंय. गॅस मीटर सकाळी एकदा लावला की झालं ना?

वेल्डर_काका

नाही रे बाबा. सकाळी शून्य दाखवलं म्हणजे सकाळी शून्य होतं. मीटर चालू ठेव, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर परत नव्याने तपासूनच काम चालू करू दे, मधल्या वेळात शेजारच्या लाइनला कुणी ड्रेन मारलं असेल तर तुला कोण सांगणार. खालच्या मजल्यावर ठिणगी कुठे पडते ते बघ, गटाराचं झाकण ओल्या गोणपाटाने झाक. एक्स्टिंग्विशरची पिन आणि प्रेशर आधी बघून घे. काम संपल्यावर सगळे जातील, तू निदान अर्धा तास, जमलं तर तासभर तिथेच थांब, सुपरवायझर म्हणाला चल तरी.