स्लोअर बॉल हातातून सुटतानाच कसा ओळखायचा?

सुरूबन
गुहागर-दापोली पट्ट्यात दिवाळीनंतर सहा-आठ षटकांच्या टेनिस बॉल स्पर्धा सुरू होतात. कातळावर मॅट, हेवी टेनिस बॉल, बऱ्याच मॅच रात्री लाइटखाली. शेवटच्या दोन षटकांत गोलंदाज सहातले दोन-तीन चेंडू हळू टाकतात आणि चांगले मारणारे फलंदाज मिड-ऑनला (गोलंदाजाच्या जवळ, लेगच्या बाजूला उभ्या क्षेत्ररक्षकाला) सोपा झेल देऊन परततात. सगळे सांगतात, "हात बघ." पण हातात नेमकं काय बघायचं? आणि ओळखायला उशीर झालाच, तर बॅटचं काय करायचं?

तिसरी स्लिप
हातातून चेंडू सुटतो त्या क्षणी दिसणाऱ्या खुणा सांगतो. गोलंदाज उजव्या हाताचा धरा.

कटर म्हणजे बोटं घासून वळवलेला चेंडू. ऑफ-कटरला बोटं चेंडूच्या बाजूवरून खाली घसरतात आणि मनगट ऑफस्पिनरसारखं वळतं. लेग-कटरला उलट. हाताच्या मागून सोडलेल्या चेंडूला तळहाताऐवजी हाताची पाठ तुमच्याकडे दिसते. ही खूण सगळ्यात ठळक, शिवाय तो चेंडू उंचावरून येतो. नकल बॉलला चेंडू बोटांच्या टोकांवर, नखांनी धरलेला असतो आणि बोटांच्या गाठी वर आलेल्या दिसतात. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने 2011 च्या विश्वचषकात तो वापरला होता. नकल बॉलवाले पकड धावताना बदलतात, म्हणून दुसरा हात चेंडूवर नेहमीपेक्षा जास्त वेळ झाकून ठेवतात. रन-अपमध्येच लक्ष ठेवा.

लेदर बॉल असेल तर शिवणही बोलते. वेगवान चेंडूची शिवण उभी राहून मागे फिरते, कटरची आडवी-तिरकी गरगरते. टेनिस बॉलला शिवणच नाही, तिथे हा आधार गेला.

कातळकडा
वरचं सगळं बरोबर आहे, पण रात्रीच्या मॅचला उपयोग कमी. चार खांबांच्या लाइटमध्ये, 20 मीटरवरून बोटांच्या गाठी दिसत नाहीत. टेनिस बॉलला आधी चेंडूचा हवेतला मार्ग बघा, हात नंतर.

थोडं गणित करू. हवेचा अडथळा बाजूला ठेवा. ताशी 100 किमीचा चेंडू 15 मीटरवर टप्पा पडेपर्यंत साधारण 0.54 सेकंद हवेत असतो आणि तेवढ्यात गुरुत्वाकर्षणाने 1.4 मीटर खाली येतो. तोच चेंडू ताशी 75 किमीने टाकला तर 0.72 सेकंद लागतात आणि तो अडीच मीटर खाली येतो. हातातून सुटताना चेंडू जमिनीपासून दोनेक मीटरवर असतो. म्हणजे त्याच टप्प्यावर पडायचं, तर वेगवान चेंडू हातातून खालच्या दिशेनेच निघाला पाहिजे आणि हळू चेंडू वरच्या दिशेने. गोलंदाजाने हात कितीही जोरात फिरवला तरी हे त्याला लपवता येत नाही. हातातून सुटल्यावर चेंडू डोक्याच्या वर चढताना दिसला की तो हळू आहे, किंवा फुल टॉस (टप्पा न पडता येणारा) आहे. दोन्हींना थांबायचंच आहे.

ताशी 140 आणि 115 किमीच्या चेंडूंत हा फरक बारीक असतो. दोन्ही हातातून खालीच निघतात, जादा घसरण फूटभराची. म्हणून टीव्हीवरचे जाणकार हातावर भर देतात. तिथे उशिरा कळलं की काय होतं ते 2018 च्या मेलबर्न कसोटीत दिसलं: लंचआधीचा शेवटचा चेंडू, बुमराचा हळू यॉर्कर (फलंदाजाच्या पायाशी पडणारा चेंडू), ऑस्ट्रेलियाचा शॉन मार्श पायचीत. चेंडू शेवटच्या टप्प्यात अचानक खाली बुडाला.

वाऱ्याचंही बघा. टेनिस बॉल हेवी म्हटला तरी लेदरपेक्षा हलका, वर लोकर, त्यामुळे हवा त्याला लेदर बॉलपेक्षा खूप जास्त अडवते. दुपारनंतर खारा वारा सुटला की त्याच्या विरुद्ध टाकलेला हळू चेंडू टप्प्याआधीच मरतो आणि अपेक्षेपेक्षा आखूड पडतो. पिच दक्षिणोत्तर असेल तर वारा आडवा लागतो, आणि हळू चेंडू जास्त वेळ हवेत असल्याने जास्त सरकतो. पहाटेच्या मतलई वाऱ्यात उलट्या बाजूला. टॉसच्या वेळी चिमूटभर माती उडवून बघा.

सुरूबन
चेंडूचा मार्ग बघायचा हे पटलं. पण तोपर्यंत बॅट निघालेली असते, त्याचं काय?

लाँग-लेग
बॅट निघण्याचं कारण पाय असतो. पुढचा पाय जोरात टाकला की सगळं वजन त्यावर जातं, मागोमाग खांदा आणि हात. मग चेंडू यायच्या आधीच बॅट पुढे निघून गेलेली असते. चेंडू पात्याच्या टोकाला लागतो आणि मिड-ऑनच्या हातात लोंबकळत जातो. मागचा गुडघा वाकलेला ठेवा आणि पाय टेकला तरी निम्मं वजन मागेच राहू द्या. हात मागच्या खांद्याजवळ टिकले, तर पाय लवकर पडूनही फटका वाचतो. हात निघून गेले तर काहीच वाचत नाही.

ओळखायला उशीर झाला असेल तर मोठा फटका सोडा. बॅट सरळ ठेवून पूर्ण न फिरवता गोलंदाजाच्या बाजूने जमिनीवरून ढकला, एक धाव घ्या. आडव्या बॅटने मिड-विकेटकडे ओढायचा मोह होतो, पण मॅटवर कटर पकड घेऊन वळतो आणि वरची कड लागते. रात्री दव पडून मॅट ओली झाली की तोच कटर वळत नाही, नुसता घसरतो. तेव्हा वळेल असं धरून खेळू नका.

क्रीजमध्ये मागे उभं राहून वेळ मिळतो हा गैरसमज आहे. फूटभर मागे सरकून ताशी 100 किमीच्या चेंडूला सेकंदाचा शंभरावा भाग मिळतो. खरा फायदा वेगळा: यॉर्कर म्हणून टाकलेला हळू चेंडू हाफ-व्हॉली होतो, म्हणजे टप्पा पडताच सहज मारता येतो.

आणखी एक. एमसीसीच्या नियम 27.4 नुसार हळू चेंडूसाठी यष्टिरक्षकाला काही पावलं पुढे यायची मुभा आहे. तुम्हाला ते दिसणार नाही, पण समोरच्या टोकाच्या फलंदाजाला दिसतं. षटक संपल्यावर त्याला विचारा: कीपर कोणत्या चेंडूला हलला, त्या वेळी पकड कशी होती?

तिसरी स्लिप
सराव असा लावा. फेकणाऱ्याने 17-18 मीटरवर दोन चिरे रचून त्यावर उभं राहावं, म्हणजे चेंडू गोलंदाजाइतक्या उंचीवरून सुटतो. बारा चेंडू, त्यांत चार हळू, क्रम फक्त त्याला माहीत. पहिल्या फेरीत बॅट बाजूला ठेवा, नुसतं स्टान्स घेऊन टप्पा पडायच्या आत "जोर" किंवा "हळू" ओरडायचं. टप्प्यानंतर ओरडलं तर ते चूक धरा. बारापैकी दहा बरोबर येईपर्यंत बॅट हातात घेऊ नका. दुसऱ्या फेरीत फक्त जमिनीवरून सरळ खेळा. तिसरीत मारा, पण मिड-ऑन ते मिड-ऑफच्या मधेच.

हे बहुतेक वेळा फेकणाऱ्यामुळे फसतं. तो हळू चेंडूला हातही हळू फिरवतो आणि फलंदाज हात बघूनच ओळखायला शिकतो. मॅचमध्ये तसा हात कुणी देत नाही. हात त्याच वेगाने, फरक फक्त पकडीत. आणि लोकर उडालेला जुना बॉल नव्यात मिसळू नका. तो हवेत कमी अडतो, त्यामुळे नजर चुकीच्या वेगाला बसते.