मदत हवी आहे: पावसाळ्यात साथ आली तर मिठीकाठच्या वस्तीत तापाचं केंद्र कसं उभारावं?

मिठीकाठ

मुंबईत कुर्ल्यात मिठी नदीलगतच्या सखल वस्तीसाठी रहिवासी मंडळ मेअखेर एक आराखडा तयार करत आहे. गृहीत असं: करोनासारखी किंवा २००९च्या स्वाइन फ्लूसारखी श्वसनाची साथ ऐन जुलै-ऑगस्टात आली आणि त्याच वेळी पाणी तुंबलं, तर बाहेरची मदत पोहोचेपर्यंतचे ४८ तास वस्तीने कसे काढायचे?

घरं ४०० आणि माणसं साधारण २०००. निम्मी घरं तळमजल्यावर. जवळच्या शाळेचा पहिल्या मजल्यावरचा हॉल मिळेल, १२ मीटर लांब, ८ रुंद, ३.५ उंच. जिना एकच. वस्तीतले दोन फॅमिली डॉक्टर रोज दोन-दोन तास देणार आहेत.

१) पावसाळ्यात ताप डेंग्यू, मलेरिया, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, तुंबलेल्या पाण्यातून होणारा जिवाणूंचा आजार) कशाचाही असतो. साथीच्या रुग्णापासून हे वेगळे कसे काढायचे?
२) हॉलमध्ये खाटा किती आणि ऑक्सिजन किती ठेवायचा?
३) पाण्यातून चालत आलेल्यांपैकी डॉक्सी (लेप्टो टाळण्यासाठीचं प्रतिजैविक डॉक्सीसायक्लिन) कुणाला, किती?
४) डास आणि पिण्याचं पाणी. साथीत या कामांना माणूस उरत नाही, मग कमीत कमी काय करायचं?

पाचवा_दिवस

पहिल्या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण इथली चूक जिवावर बेतते. साथ असली की प्रत्येक ताप साथीचाच समजला जातो. घशाच्या नमुन्याचा अहवाल येईपर्यंत दोन दिवस जातात आणि तोवर मलेरिया मेंदूत किंवा लेप्टो मूत्रपिंडात पोहोचलेला असतो.

म्हणून 'आधी साथीची चाचणी, ती निगेटिव्ह आली तर बाकीच्या' हा क्रम नको. सगळं एकाच वेळी सुरू करा. ताप असलेल्या प्रत्येकाची त्याच दिवशी मलेरियाची तपासणी, रॅपिड कार्डावर ती २० मिनिटांत होते. कार्ड निगेटिव्ह असलं तरी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला काचपट्टीवर रक्त घ्या. तापाचे पहिले पाच दिवस असतील तर डेंग्यूसाठी एनएस-१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी चाचणी), पाच दिवस उलटले असतील तर आयजीएम एलायझा (प्रतिपिंडं शोधणारी प्रयोगशाळेतली चाचणी). सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), आणि त्यात फक्त प्लेटलेट पाहू नका, हिमॅटोक्रिटही (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) पाहा. डेंग्यूत रक्त घट्ट होणं ही आधीची खूण असते.

डेंग्यूच्या रॅपिड आयजीएम कार्डावर विसंबू नका. २०२०मध्ये सिंगापूरमधल्या दोन करोना रुग्णांचं रॅपिड कार्ड डेंग्यू पॉझिटिव्ह आलं होतं आणि ते खोटं निघालं. एक कार्ड पॉझिटिव्ह आलं म्हणून दुसरा आजार नाही असं होत नाही. दोन्ही एकत्रही असू शकतात.

नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्या स्वयंसेवकाला चार प्रश्न पाठ हवेत. खोकला किंवा दम आहे का? गेल्या महिन्याभरात तुंबलेल्या पाण्यातून चाललात का? (लेप्टोची लक्षणं दिसायला ३० दिवसांपर्यंत लागू शकतात.) पोटऱ्या दाबल्यावर दुखतात का, डोळे लाल आहेत का? लघवी कमी झाली आहे का? उत्तरं कागदावर लिहून तो कागद रुग्णाच्याच हातात द्या. रुग्णालयात पोहोचल्यावर तिथल्या डॉक्टरांना सगळ्यात उपयोगी तोच ठरतो.

औषधांत दोन गोष्टींवर सक्त बंदी ठेवा. निदान होईपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन नाही, कारण डेंग्यू असेल तर रक्तस्राव वाढतो. आणि स्वतःहून स्टेरॉइड नाही. करोनात ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णाला डेक्सामेथासोनचा फायदा झाला, ते ऐकून लोक पहिल्या दिवशीच घेतात. सौम्य आजारात आणि निदान नसलेल्या तापात त्याने नुकसान होतं. सलाईनचंही तसंच. डेंग्यूच्या रुग्णाला ते मोजून द्यावं लागतं, न्यूमोनियाच्या रुग्णाला जास्त झालं तर फुप्फुसात पाणी साचतं. तुमच्या केंद्रात सलाईन ठेवूच नका, ओआरएस पुरे.

डेंग्यूचा ताप उतरला की रुग्णाला घरी धाडायची घाई होते. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतानाच धोका असतो. पोटात सतत दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, यांतलं एक जरी दिसलं तरी थेट रुग्णालय.

हवापाणी

प्रश्न २. हॉल ९६ चौरस मीटरचा आहे. ये-जा, टेबल आणि दोन खाटांमधलं अंतर धरून १० खाटा लावा, त्याहून जास्त नको.

आधी हवा. पाऊस लागला की खिडक्या बंद होतात, आणि श्वसनाच्या साथीत बंद हॉल म्हणजे संसर्गाची पेटी. तुमच्या हॉलमध्ये ३३६ घनमीटर हवा आहे. ती तासाला सहा वेळा बदलायची तर सुमारे २००० घनमीटर हवा बाहेर फेकावी लागेल. एक्झॉस्ट पंख्याच्या डब्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, जाळी आणि झडप बसली की तो बराच घटतो. म्हणून डब्यावरच्या आकड्यांची बेरीज ३००० च्या पुढे जाईल इतके पंखे घ्या. सगळे एकाच लांब भिंतीत, रुग्णांची डोकी त्या भिंतीकडे. समोरच्या खिडक्या उघड्याच राहिल्या पाहिजेत, त्यांना बाहेरून तिरके पत्रे ठोका. अगरबत्ती पेटवून पाहा: धूर डॉक्टरांच्या टेबलाकडून खाटांकडे आणि तिथून बाहेर जायला हवा. उलटा येत असेल तर टेबल हलवा.

ऑक्सिजन. १० पैकी ४ खाटा ऑक्सिजनच्या धरा, प्रत्येकी मिनिटाला ५ लिटर. मिनिटाला २० लिटर म्हणजे तासाला १२००, दिवसाला २८,८०० लिटर. डी टाइप सिलिंडरमध्ये साधारण ७००० लिटर असतात, तेव्हा ४८ तासांना नऊ लागतात. ते एका जिन्यावरून वर चढवणं आणि भरून आणणं पावसात जमणार नाही. त्यापेक्षा मिनिटाला ५ लिटर देणारे चार कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारी विजेवरची यंत्रं) मुख्य ठेवा आणि सिलिंडर वीज जाण्यापुरते. १२ तास वीज गेली तर १४,४०० लिटर लागतील, म्हणजे दोन सिलिंडरपेक्षा थोडे जास्त. चार ठेवा. शिवाय रुग्णाला खाली नेताना लागतील म्हणून दोन लहान बी टाइप. मिनिटाला ५ लिटरने ते सुमारे पाच तास पुरतात.

चुका कुठे होतात? सिलिंडर असतो, पण त्याला बसणारा रेग्युलेटर आणि पाना नसतो. प्रत्येक सिलिंडरमागे एक रेग्युलेटर, शिवाय एक जादा. सिलिंडर उभे आणि साखळीने भिंतीला बांधलेले हवेत. रेग्युलेटरला तेल, ग्रीस किंवा तेलकट हात लागू देऊ नका, ऑक्सिजनच्या दाबाखाली तेल पेट घेतं. कॉन्सन्ट्रेटर भिंतीपासून हातभर दूर ठेवा, फिल्टर दर आठवड्याला धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवा. ओला फिल्टर बसवला की ओल आतल्या चाळणीत जाते आणि ऑक्सिजनची शुद्धता घसरते. यंत्र सुरू असल्याचा दिवा मात्र हिरवाच दिसत राहतो, म्हणून रुग्णाची पातळी दर चार तासांनी मोजा. हात गार-ओले असतील तर ऑक्सिमीटर चुकीचं दाखवतो. बोट पुसून, चोळून गरम करून एक मिनिट थांबा, मगच आकडा लिहा. ९४च्या खाली स्थिर राहिला तर हलवायची तयारी करा.

घरगुती इन्व्हर्टरवर अवलंबून राहू नका. चार कॉन्सन्ट्रेटर मिळून सुमारे १४०० वॉट खातात, १५० एएचची एक बॅटरी तासभरही धड टिकणार नाही. जनरेटर हवाच.

भरतीओहोटी

जनरेटरचं आलंच आहे तर जागा. हॉल पहिल्या मजल्यावर असून उपयोग नाही, जर शाळेचं मीटर तळमजल्यावर असेल. मीटरपर्यंत पाणी आलं की पुरवठा बंद करावाच लागतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी पाणी कुठवर आलं होतं ते तुमच्या वस्तीतले जुने लोक भिंतीवर दाखवू शकतील. तिथे रंगाने रेघ मारा. मीटर, जनरेटर, डिझेल, औषधांचं कपाट, सगळं त्या रेघेच्या वर. जनरेटर उघड्यावर, शेडखाली, खिडक्यांपासून लांब, धूर आत येता कामा नये. चेंजओव्हर स्विच (जोडणी मुख्य विजेवरून जनरेटरवर नेणारा) परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच.

जूनच्या आधी भरतीचं वेळापत्रक छापून भिंतीवर लावा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आला की नाल्यांचं पाणी समुद्र घेत नाही, मिठी फुगते. त्या दिवशी रुग्ण हलवायचाच असेल तर भरतीच्या दोन तास आधी हलवा, 'संध्याकाळी बघू' नको. फूटभराहून जास्त पाणी असलेल्या रस्त्यातून रुग्णवाहिका आणायचा हट्ट धरू नका, मध्येच बंद पडली तर दोघंही अडकतात. पाणी न भरणाऱ्या रस्त्यावरची एक जागा आधीच ठरवा, तिथवर स्ट्रेचर, तिथून १०८ची रुग्णवाहिका.

तंबू नको, हेही आत्ताच ठरवा. मे २०२१मध्ये तौक्ते वादळाआधी मुंबईच्या बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), दहिसर आणि मुलुंडच्या तंबूवजा जम्बो करोना केंद्रांतून ५८० रुग्ण हलवावे लागले होते. ते महापालिकेच्या यंत्रणेला जमलं, वस्तीला जमणार नाही.

मिठीकाठ

खूप आभार. हॉल तपासला, मीटर तळमजल्यावरच आहे. वर हलवण्याचा अर्ज करतो. जिन्याचं वळण अरुंद आहे, स्ट्रेचर वळेल का? आणि प्रश्न ३, ४ राहिलेत.

भरतीओहोटी

सरळ स्ट्रेचर वळणार नाही. कापडी, हँडलवाला घ्या, चार जणांनी उचलायचा. आणि सराव रिकाम्या स्ट्रेचरवर नको, ७० किलो वाळूच्या पोत्यांवर करा.

पाचवा_दिवस

प्रश्न ३. प्रतिबंधक डॉक्सीसायक्लिन पाण्यातून चालल्यापासून ७२ तासांच्या आत घ्यायची, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. पायाला जखम नसलेल्या, एकदाच पाण्यातून गेलेल्या प्रौढाला २०० मिलिग्रॅम एकदाच. नालेसफाई किंवा बचावकार्य करणारे, वारंवार पाण्यात उतरणारे, यांना आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम, सहा आठवडे. जखम असेल तर मात्रा डॉक्टर ठरवतील. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालची मुलं यांना डॉक्सी नाही, त्यांच्यासाठी डॉक्टर अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात.

साठ्याचा हिशोब: १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल धरून १२०० प्रौढांना २४००, आणि पाण्यात काम करणाऱ्या ५० जणांना ६००. जेवल्यावर, पेलाभर पाण्यासोबत घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. दुधासोबत किंवा अँटासिडसोबत नको. ताप आधीच आला असेल तर ही मात्रा उपचार नव्हे, त्या माणसाला नोंदणीच्या टेबलाकडे पाठवा.

आणखी एक, आराखड्यात नव्हतं म्हणून. भारतातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू ऑगस्ट २००९मध्ये पुण्यात झाला, भर पावसाळ्यात. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यातही वाढतो, तेव्हा साठीच्या पुढचे, गरोदर, दम्याचे आणि मधुमेहाचे रुग्ण यांना फ्लूची लस एप्रिल-मेमध्ये मिळेल असं पाहा. दिवाळीनंतर देऊन तो हंगाम हुकलेला असतो.

कोरडा_दिवस

प्रश्न ४, डास. कमीत कमी काम एकच: आठवड्यातून एक ठरलेला वार, सगळी पिंपं रिकामी. एडिस डासाचं अंडं ते डास हे चक्र सात-आठ दिवसांत पुरं होतं, म्हणून वार चुकवायचा नाही. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पिंपाच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहून महिनोन्महिने टिकतात. काथ्याने घासा. पत्र्यांवरच्या निळ्या ताडपत्रीच्या घड्या, टायर, फ्रिजमागचा ट्रे, मनी प्लँटची बाटली, ही ठिकाणं सुटतात.

साथीत खरी अडचण कुलपांची असते. बंद दुकानं, गावी गेलेली घरं, थांबलेलं बांधकाम. मेमध्येच किल्ल्यांची यादी करा, कुणाची किल्ली कुणाकडे.

धुरळणीवर भरवसा नको. ती उडते डास मारते, अळ्या नाही, आणि घरात दम लागलेला रुग्ण असेल तर धुराने त्याला त्रास होतो. होणारच असेल तर त्या घरांना आधी कळवा. तुमच्या हॉलमधल्या डेंग्यूच्या रुग्णांना दिवसासुद्धा मच्छरदाणी हवी. एडिस दिवसा चावतो, एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर आजार नेतो.

हवापाणी

पाण्याचं: पुराचं पाणी तळटाकीत शिरलं तर टाकी रिकामी करून घासा. मग १०,००० लिटरला ३० टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर १.७ किलो, बादलीत कालवून वरचं निवळ पाणी टाका, १२ तास ठेवा, सगळं सोडून द्या आणि पुन्हा भरा. नंतर नळाला ओटी चाचणीत (पाण्यातलं क्लोरीन रंगावरून दाखवणारी) लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन दिसायला हवं. पावडर पावसाळी हवेत झपाट्याने मरते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिक पिंपात ठेवा, उघडल्याची तारीख लिहा. गोणीतली, ओलसर, वास न येणारी पावडर म्हणजे नुसता चुना.

मिठीकाठ

शेवटचं. तळमजल्यावर घरीच विलगीकरणात असलेला रुग्ण आणि रात्री दोन वाजता पाणी आत, तर?

भरतीओहोटी

त्याचं नाव आधीच यादीत हवं, आणि यादी छापील, कारण पाण्यात नेटवर्क जातं. मोठ्या भरतीचा दिवस असेल तर अंधार पडायच्या आत त्याला हॉलमध्ये आणा. हॉल भरला असेल तर वरच्या मजल्यावरची एक खोली फक्त अशा रुग्णांसाठी आजच मागून ठेवा. बाकीचे पूरग्रस्त ज्या हॉलमध्ये जातील तिथे तो जाता कामा नये. त्याच्याकडे झिपच्या पिशवीत पाच कोरडे मास्क द्या, भिजलेल्या मास्कमधून श्वास घेता येत नाही. आणि २०२०मध्ये खाटांचं वाटप महापालिकेच्या २४ विभागांच्या वॉर रूमकडे (नियंत्रण कक्षांकडे) गेलं होतं, तशी व्यवस्था पुन्हा आली तर तुमच्या विभागाचा नंबर मिळेल त्या दिवशी यादीच्या माथ्यावर लिहा. तोवर महापालिकेचा १९१६.